बागेत पुरलेलं चीज

४ सप्टेंबर १६६६, मंगळवारची संध्याकाळ. लंडनच्या सीदिंग लेनमधल्या बागेत दोन मोठे सरकारी अधिकारी हातांनी खड्डा खणत होते. आग जवळ येत चालली होती आणि गाड्या मिळत नव्हत्या. घरातलं सगळं सामान हलवणं शक्यच नव्हतं. त्यांनी खड्ड्यात दारू ठेवली. दोघांपैकी एकानं, नौदलाच्या कचेरीतल्या सॅम्युएल पीप्सनं, दारूशेजारी आपलं पार्मेझान चीजही ठेवलं आणि वर माती लोटली. मग ही गोष्ट त्यानं आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली.

इंग्लंडमधल्या बहुतेक सहा-सात वर्षांच्या मुलांना हा माणूस ठाऊक असतो. तिथला राजा कोण, पंतप्रधान कोण, हे त्या वयात धड सांगता येत नाही. पण चीज पुरणारा पीप्स पक्का लक्षात राहतो. याचं कारण तिथल्या प्राथमिक शाळांच्या एका पद्धतीत आहे. शाळेचं वर्ष तीन सत्रांचं असतं आणि प्रत्येक सत्राच्या मधोमध आठवडाभराची सुट्टी असते. त्या सुट्टीपर्यंतचे सहा-सात आठवडे अनेक शाळा खालच्या वर्गांना एकच विषय देतात. शिक्षक त्याला नुसतं ‘टॉपिक’ म्हणतात, आपण सत्रविषय म्हणू. भाषा, गणित, विज्ञान, चित्रकला, नाटक असे जेवढे तास त्या विषयाला जोडता येतील तेवढे जोडायचे. सप्टेंबर २०१४ पासून लागू असलेल्या तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात पाच ते सात या वयोगटासाठी ‘कोणाच्याही जिवंत आठवणीत नसलेली महत्त्वाची घटना’ शिकवायला सांगितलं आहे. उदाहरण म्हणून पहिलं नाव आहे लंडनच्या महाआगीचं. सक्ती नाही, पण शाळांनी हे उदाहरण मनापासून उचललं.

मला वाटतं, ही निवड अचूक आहे. लहान मुलांना इतिहास झेपत नाही असा समज शिक्षणशास्त्रात बराच काळ घर करून होता. मुलाला काळाची जाणीव हळूहळू येते हे मानसशास्त्रज्ञ पियाजेनं दाखवलं, आणि त्यावरून अनेकांनी परस्पर निष्कर्ष काढला की शतकांच्या गोष्टी मोठेपणी शिकवाव्यात. १९६० मध्ये मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनरनं उलट बाजू मांडली. कोणत्याही विषयाचा गाभा कोणत्याही वयाच्या मुलाला, त्याला पेलेल अशा पण प्रामाणिक रूपात शिकवता येतो, असं त्याचं म्हणणं होतं. प्रश्न उरतो तो रूप सापडण्याचा. सहा वर्षांच्या मुलासमोर ‘सतरावं शतक’ हा शब्द ठेवला तर तो हवेत विरतो. चार दिवस मात्र त्याला कळतात. रविवारी पहाटे आग लागली, बुधवारी ती आटोक्यात येऊ लागली. एका गल्लीतला एक पाववाला, त्याची भट्टी, लाकडी घरं, सुटलेला वारा. एवढा इतिहास त्याच्या मुठीत मावतो.

राहतात मधली साडेतीनशे-एक वर्षं. त्यासाठी वर्गात एक सोपा खेळ करता येतो. पाच मुलांना ओळीनं हात धरून उभं करायचं आणि सांगायचं की हे प्रत्येक मूल म्हणजे बहात्तर वर्षांची एक आजी. पहिली आजी म्हातारी झाली तेव्हा दुसरी तिच्या मांडीवर तान्ही होती, दुसरी म्हातारी झाली तेव्हा तिसरी. अशा पाचच आज्या ओलांडल्या की आपण त्या आगीच्या उजेडात पोचतो. तीनशे साठ ही संख्या मुलांनी अजून गणितात गाठलेलीही नसते. पाच आज्या त्यांना दिसतात. त्या किती जवळ आहेत हे पाहून मोठ्या माणसालाही क्षणभर गप्प व्हायला होतं.

सत्रविषय खरा रंगतो तो नकाशावर. पुडिंग लेन ही गल्ली लंडन ब्रिजच्या उत्तर टोकापाशी. नाव ऐकून मुलांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण तेव्हाच्या बोलीत ‘पुडिंग’ म्हणजे कापलेल्या जनावरांची आतडी-कोथळा. वरच्या बाजाराचे खाटीक हा माल गाड्यांवर घालून याच गल्लीतून नदीवर नेत. हे कळलं की वर्गभर ‘ई’ असा एकच आवाज उठतो आणि गल्ली कायमची पाठ होते. तिथे टॉमस फॅरिनर या पाववाल्याची भट्टी होती. उन्हाळा कोरडा गेला होता आणि पूर्वेकडून जोराचा वारा सुटला होता. मग आग कुठल्या दिशेला गेली असेल? याच वयात भूगोलात दिशा शिकवायच्या असतात. एरवी पूर्व-पश्चिम म्हणजे वहीच्या कोपऱ्यातला बाण. इथे त्या बाणावर शहर जळणार की वाचणार हे ठरतं. टेबलावर नकाशा पसरायचा, त्यावर कागदाचे लाल कपटे ठेवायचे आणि पूर्वेकडून पुठ्ठ्यानं वारा घालायचा. कपटे पश्चिमेला, सेंट पॉल कॅथीड्रलच्या दिशेनं सरकतात. मोठ्या आगीतही तसंच घडलं. पूर्वेला टॉवर ऑफ लंडनकडे ती सावकाश सरकली आणि पश्चिमेला धावली.

विज्ञानात याच वयात ‘रोजच्या वापरातले पदार्थ आणि त्यांचे उपयोग’ हा भाग असतो. लाकूड, वीट, दगड, काच. कुठली वस्तू कशाची करावी आणि का? १६६६ चं लंडन म्हणजे या प्रश्नाचं जळतं उत्तर. घरं लाकडी चौकटीची, आणि वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे आलेला. त्यामुळे समोरासमोरच्या घरांचे माळे जवळजवळ एकमेकांना टेकत. आगीला गल्ली ओलांडायला उडीसुद्धा मारावी लागत नसे. नदीकाठच्या वखारींत तेल, डांबर, लाकूड साठलेलं होतं, आणि पुडिंग लेनजवळच्या उत्खननात जळालेल्या डांबराच्या पिंपांचे अवशेष मिळालेही आहेत. इथे एक चूक हटकून होते. वर्गातल्या चित्रांत घरांवर गवताची छपरं रंगवतात. पण लंडनमध्ये गवती छपरांना तेराव्या शतकापासूनच मनाई होती आणि बहुतेक घरांवर कौलं होती. चूक बारीक वाटेल. पण गवत म्हटलं की मुलं ‘तेव्हाची माणसं वेडी होती’ असा सोपा निकाल लावून मोकळी होतात. लोकांना धोका ठाऊक होता, त्यांनी नियम केले होते, तरीही शहर जळलं, हे कळलं की ती विचारात पडतात.

पाण्याचा तास मैदानावर होतो. तेव्हा अग्निशमन दल नव्हतं. होत्या चामडी बादल्या, मोठ्या पिचकाऱ्या आणि घरं ओढून पाडायचे लांब दांड्यांचे आकडे. मुलांची रांग लावायची आणि हातोहात बादल्या पोचवायला सांगायचं. शेवटच्या मुलापर्यंत किती पाणी पोचतं ते मापानं मोजायचं. बरंचसं बुटांत गेलेलं असतं. गणिताचा तास तिथेच होऊन जातो, आणि बादल्यांनी आग का विझली नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. मग पुढचा प्रश्न येतो. पाण्यानं विझत नसेल तर काय करायचं? आगीच्या वाटेतली घरं आधीच पाडायची, म्हणजे तिला खायला काही उरणार नाही. राजा दुसरा चार्ल्स याचा हाच हुकूम पीप्सनं रविवारी महापौर टॉमस ब्लडवर्थला नेऊन दिला. महापौरानं त्याआधी टाळाटाळ केली होती. दुसऱ्याचं घर पाडलं तर भरपाई कोण देणार, ही त्याची धास्ती. ‘तुमचं चांगलं घर गल्ली वाचवायला पाडू का?’ असं सहा वर्षांच्या मुलांना विचारून पाहावं. वर्ग दुभंगतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून असा दुभंग घडवता येत नाही.

पण या सहा आठवड्यांचा माझ्या लेखी सर्वांत मोलाचा भाग वेगळाच आहे. वर्गात एक खुर्ची मांडायची. तिच्यात बसेल तो फॅरिनर. डोक्याला पांढरा रुमाल, हाताला पीठ. बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारायचे. ‘तू रात्री भट्टी विझवलीस का?’ ‘झोपायच्या आधी पाहिलंस का?’ ‘जवळ काटक्या ठेवल्या होत्यास का?’ खऱ्या फॅरिनरनं चौकशीत ठासून सांगितलं होतं की त्यानं मध्यरात्री सगळं पाहिलं होतं आणि विस्तव विझलेला होता. खुर्चीतलं मूलही तसंच ठासून सांगतं. मग शिक्षिकेनं हळूच विचारायचं: यानं असं सांगितलं म्हणून ते खरंच का? खोटं बोलायला याला काही कारण आहे का? मुलं त्या खुर्चीकडे निराळ्या नजरेनं पाहू लागतात. इतिहासाचं शिक्षण इथून सुरू होतं. अकराशे पानांचा ग्रंथ लिहिणारा संशोधकही याहून वेगळं काही करत नसतो.

पीप्सच्या रोजनिशीचं मोल इथेच. १६६० च्या पहिल्या दिवसापासून १६६९ च्या मे अखेरीपर्यंत तो लघुलिपीत लिहीत राहिला. त्या वह्या आजही केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजमध्ये आहेत. रविवारी पहाटे तीनच्या सुमारास त्याची मोलकरीण जेन बर्च हिनं त्याला उठवून दूरवर आग दिसते असं सांगितलं. त्यानं खिडकीतून पाहिलं, आग लांब आहे असं ठरवलं आणि तो परत झोपला. मुलांना हे भयंकर आवडतं. एवढा मोठा माणूस, आणि झोपला! सकाळी जेननंच बातमी आणली की रात्रीत तीनशेच्या वर घरं जळाली. चाणाक्ष शिक्षिका इथे थांबते. आग आधी कुणी पाहिली? जेननं. मग तिची रोजनिशी कुठे आहे? ती नाही. जेननं लिहिलेलं काहीच आपल्यापर्यंत आलेलं नाही. ती आहे ती तिच्या मालकाच्या वाक्यात. फॅरिनरच्या घरातली माणसं माळ्याच्या खिडकीतून शेजारच्या छपरावर गेली. त्यांच्या मोलकरणीला ती उंची पेलवली नाही आणि ती आत राहिली. या आगीतला पहिला मृत्यू तिचा. तिचं नावही उरलं नाही. आगीत १३,२०० घरं आणि ८७ चर्च गेली ही मोजणी आहे. मेलेल्यांची नोंद मात्र जेमतेम बोटांवर मोजण्याएवढी, आणि ती पुरी आहे असं कुणीही इतिहासकार छातीठोकपणे म्हणणार नाही. ‘कोणाची नावं लिहिली जातात?’ हा प्रश्न मुलं न शिकवता विचारतात, फक्त त्यांना तेवढी फट ठेवावी लागते.

ती फट नेहमी ठेवली जाते असं मात्र नाही. सत्रविषयाच्या पद्धतीवर मोठा आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ही पद्धत जुनी. १९३१ च्या हॅडो अहवालानं प्राथमिक अभ्यासक्रम कृती आणि अनुभव यांच्या अंगानं पाहावा असं सुचवलं. १९६७ च्या प्लाउडन अहवालानं त्याला बळ दिलं. आपल्याकडे १९३७ मध्ये वर्ध्याला नयी तालीमची कल्पना मांडली गेली, तेव्हा हातकामाभोवती सगळे विषय गुंफण्याची पद्धत आली. मराठीत तिला ‘समवाय’ असा नेमका शब्द आहे. इंग्लंडमध्ये पुढे हे गुंफण सैल होत गेलं. १९९२ मध्ये रॉबिन अलेक्झांडर, जिम रोझ आणि ख्रिस वुडहेड यांच्या अहवालानं स्पष्ट सांगितलं की बऱ्याच ठिकाणी सत्रविषयातलं शिकणं तुकड्यातुकड्यांचं आणि वरवरचं होतं. आगीच्या विषयात हे सहज घडतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांची घरं, लाल-पिवळ्या ज्वाळांची चित्रं, पाव भाजणं, सत्राच्या शेवटी मैदानावर खोक्यांचं लंडन पेटवणं. दिवस भुर्रकन जातात, भिंत सुंदर दिसते. पण खोकं रंगवताना मूल १६६६ बद्दल काय शिकलं, असं विचारलं तर कित्येकदा उत्तर येतं, ‘डिंक जास्त झाला.’

म्हणून प्रत्येक कृतीपुढे एक प्रश्न ठेवावा, असं मला वाटतं. खोक्यांची घरं करायची तर वरचे मजले पुढे काढून करायची आणि दोन ओळी समोरासमोर ठेवायच्या. पेटवल्यावर आग गल्ली ओलांडते का ते पाहायचं. मग एका ओळीतलं मधलं घर काढून पुन्हा पाहायचं. तेव्हा खोकं हा पुरावा होतो. अर्थात पेटवणं मोकळ्या जागेत आणि पुरेशा अंतरावरूनच. अनेक शाळा त्या दिवशी अग्निशमन दलाला बोलावतात. आग विझवायला त्यांच्या गाडीतून येणारा जोरदार फवारा पाहिला की चामडी बादली आणखी छोटी दिसू लागते. २०१६ मध्ये आगीला साडेतीनशे वर्षं झाली तेव्हा लंडननंही हाच खेळ मोठ्या मापात केला. १२० मीटर लांबीचं लाकडी जुनं लंडन टेम्स नदीत तरंगत ठेवून पेटवलं.

एक भाग शिक्षक सहसा वगळतात. आग जळत असतानाच अफवा उठली की ती परक्यांनी लावली. तेव्हा इंग्लंडचं डच आणि फ्रेंचांशी युद्ध चालू होतं. रस्त्यात परदेशी माणसांना मारहाण झाली. रोबेर उबेर नावाच्या एका फ्रेंच घड्याळजीनं आग मीच लावली असा कबुलीजबाब दिला आणि त्याला फाशी दिलं. तो लंडनला पोचला तो आग लागल्यानंतर दोन दिवसांनी, हे मागाहून उघड झालं. पुढे १६८१ मध्ये आगीच्या स्मारकावर कॅथॉलिकांना दोष देणारा मजकूर कोरला गेला. तो १८३० मध्ये काढला. फाशीची गोष्ट सहा वर्षांच्या मुलांना सांगू नये, हे मला पटतं. अफवेची मात्र सांगावी. लंडनच्या वर्गांत आज घरी अनेक भाषा बोलणारी मुलं एका बाकावर बसतात. काही वाईट घडलं की ‘नवीन आला त्यानंच केलं’ म्हणणं त्यांना शाळेच्या मैदानावरून ठाऊक असतं.

त्या मुलांत मराठी मुलंही असतात. त्यांच्या घरी १६६६ हा आकडा निराळ्या आवाजात वाजतो. मूल शाळेतून येऊन विचारतं, ‘आजी, सोळाशे सहासष्ट साली काय झालं, तुला माहितीये?’ आणि आजी पोळी लाटता लाटता म्हणते, ‘माहिती नसायला काय झालं? महाराज आग्र्याहून सुटले!’ दोघंही बरोबर. मे महिन्यात शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, ऑगस्टमध्ये निसटले. त्यानंतर काही आठवड्यांतच लंडन पेटलं. त्या आगीत घरं पाडायचा हुकूम देणाऱ्या चार्ल्सलाच लग्नाच्या करारात पोर्तुगालकडून मुंबई मिळाली होती आणि १६६८ मध्ये ती त्यानं दहा पौंड वार्षिक भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. पण मुलासाठी याहून मोठी गंमत पुढच्या प्रश्नात आहे. ‘आजी, पण तुला कसं माहीत?’ आजी म्हणते, चौथीच्या पुस्तकात होतं. ‘पुस्तकवाल्याला कसं माहीत?’ आता लंडनच्या वर्गात शिकलेला प्रश्न आग्र्याला येऊन पोचतो. आणि उत्तरही सापडतं. तिथेही एक पीप्स होता. अंबरच्या राजाचा परकालदास हा अधिकारी त्या दिवसांत आग्र्याहून आपल्या दिवाणाला पत्रं लिहीत होता. दरबारात काय झालं, लोक काय बोलतात, महाराज दिसतात कसे, हे त्यानं ताजं ताजं लिहिलं. आपल्या मुलांना महाराजांच्या सुटकेतले पेटारे आपण दर वर्षी दाखवतो, परकालदासाची पत्रं दाखवत नाही. ती दाखवली तर त्याच पाठाचा सहा आठवड्यांचा सत्रविषय होईल, आणि तो लंडनच्या आगीपेक्षा तसूभरही कमी रंगणार नाही.

लंडनजवळच्या शाळा शेवटच्या आठवड्यात आगीच्या जागी सहल काढतात. शहर पुन्हा बांधताना नवी घरं विटांची आणि दगडांची असावीत असा कायदा १६६७ मध्ये झाला. वास्तुशिल्पी ख्रिस्टोफर रेननं रुंद सरळ रस्त्यांचा देखणा आराखडा केला होता, पण लोकांना आपापल्या जागा हव्या होत्या, त्यामुळे गल्ल्या बहुतांशी जुन्या जागीच राहिल्या. पुडिंग लेन आजही आहे. तिच्यापासून थोड्या अंतरावर रेन आणि रॉबर्ट हुक यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे, २०२ फूट उंच. तो पाववाल्याच्या घरापासूनही २०२ फुटांवरच उभा आहे. म्हणजे हा खांब त्या दिशेनं आडवा झोपवला तर त्याचं टोक भट्टीला टेकेल. मुलं पावलांनी हे अंतर मोजतात, आकडा दर वेळी वेगळा येतो, कारण पावलं वेगळी. मग ३११ पायऱ्या चढतात. वरून टेम्स दिसते, सेंट पॉलचा रेननं बांधलेला नवा घुमट दिसतो, आणि कुणीतरी विचारतं, वारा आता कुठून येतोय?

परतताना बसमध्ये आठवतं ते बहुधा मांजर. ५ सप्टेंबरला पीप्स जळलेल्या शहरातून फिरला. रॉयल एक्स्चेंजच्या भिंतीला लागून असलेल्या एका धुरांड्याच्या भोकातून एक मांजर बाहेर काढलेलं त्यानं पाहिलं. अंगावरचे केस सगळे जळले होते, पण ते जिवंत होतं. हजारो घरं गेली त्या दिवशी त्यानं एका मांजरासाठी ओळ खर्च केली. मुलं दर वर्षी विचारतात, पुढे त्याचं काय झालं? कुणी त्याला घरी नेलं का? केस परत आले का? शिक्षिका रोजनिशीचं पुढचं पान उलटते. तिथे मांजराचा उल्लेख नाही.